नारायण गुरवाचे कोरडे बोट

नारायण गुरव आठवला की मला आधी त्याचे बोट दिसते आणि मग, जरा उशिराने, चेहरा. उजव्या हाताची ती तर्जनी टोकाशी किंचित चपटी होती आणि नखाच्या कडेने तिच्यात शेंदराची रेघ कायमची मुरलेली असे. जगाशी ओळख करून घ्यायची ती त्या बोटाने, असा त्याचा रिवाज होता. आमच्या न्हाणीतल्या घंगाळाचे बूड, कंदिलाची टाकी, पन्हळीचा सांधा, जे समोर येईल त्यावरून तो ते बोट अलगद फिरवी, उजेडाकडे धरी, अंगठ्यावर घासून पाही आणि म्हणे, "कोरडं हाय." याहून मोठी स्तुती त्याच्यापाशी नव्हती. मी तेव्हा खालापुरात मुलींच्या शाळेत शिकवीत असे. एकदा माझ्या वर्गातल्या एका मुलीने लांबलचक कविता कुठेही न अडखळता म्हणून दाखविली. दाराच्या चौकटीला टेकून नारायण ऐकत होता. तो म्हणाला, "कोरडं हाय, बाई. कुठंच झिरपत नाय."

खालापूरच्या मारुतीची पूजा त्याच्या घराण्याकडे होती. एक वर्ष थोरल्या भावाचे, दामोदराचे. एक वर्ष नारायणाचे. पाळी नसलेल्या वर्षी नारायण कर्जतला भाताच्या गिरणीत कामाला जाई. तिथल्या इंजिनापाशी उभा राहून तो यंत्राचे श्वास ओळखायला शिकला. माझे थोरले बंधू, ज्यांना सारा गाव नुसते डॉक्टर म्हणे आणि मी दादा, त्यांनी एका विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून शेवाळी रंगाची जुनी मोटार घेतली, तेव्हा तिची निगा आपसूकच नारायणाकडे आली. सकाळी नदीवर आंघोळ, मग मारुती. दुपारी मोटार, मग पुन्हा नदीवर आंघोळ. त्याच्या अंगाला तिळाच्या तेलाचा, रुईच्या पानांचा आणि पेट्रोलचा असा एक मिश्र वास येई. पुढे इतक्या वर्षांत तो वास मला दुसऱ्या कोणाच्याही अंगाला आला नाही.

देवाच्या बाबतीत त्याचा हात सढळ होता. त्याच्या बापाचाही तसाच होता म्हणतात. दर शनिवारी शेंदूर तेलात कालवून तो मारुतीला लेप देई, तो ओंजळीने. लेपावर लेप चढत गेले होते. नाक, डोळे, गदा, सारे त्या शेंदरी गोलाईत बुडून गेले होते. कळसावरून उतरणारे ऊन पडले की तो मारुती एखाद्या मोठ्या पिकल्या फळासारखा दिसे. कोणी म्हणाले, "नाऱ्या, जरा हात आखड की रं," तर तो हसून म्हणे, "देवाच्या कामात काटकसर करणाऱ्याच्या घरात सुबत्ता येत नाय."

सुबत्ता त्याच्या घरात होती असे नाही. त्याची बायको भागीरथी, जिला सारे भागी म्हणत, हिची दोन बाळंतपणे घरीच झाली होती आणि दोन्ही मुले न रडताच गेली होती. त्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. दादांनी तिला तपासले आणि बाहेर ओसरीवर येऊन नारायणाला समोर बसवले.

"या वेळी घरी नाही," दादा म्हणाले. "कर्जतला बाळंतपणाची डॉक्टरीण आहे. कळा सुरू झाल्या की लगेच निघायचे. बैलगाडीचे हिसके तिला सोसायचे नाहीत."

"खोपोलीवरनं आगगाडी हाय की, डाक्टर."

"आगगाडी तिच्या वेळेला येते, नारायण. मूल त्याच्या वेळेला येईल."

आधीच कर्जतला नेऊन ठेवावे, तर तिथे आपले माणूस कोणी नव्हते, आणि भागीने आतूनच सांगून टाकले, "परक्याच्या ओसरीवर मी महिना काढायची नाय. मला काय मोळीसारखी टेकवून ठेवताय?" म्हणजे राहता राहिली ती शेवाळी मोटार. आणि ती तर आमच्या गोठ्यात पोट उघडे टाकून बसली होती.

उन्हाळ्यात घाट चढताना तिच्यातले पाणी आटले होते आणि तापलेल्या इंजिनाचा ठोकळा आतून तडकला होता. तो ठोकळा आगगाडीने मुंबईच्या एका कारखान्यात गेला, तिथे त्याच्या तडकलेल्या पोकळ्या कोरून मोठ्या केल्या गेल्या, आणि गवतात गुंडाळून तो परत आला. त्या पोकळ्यांत बसवायच्या लोखंडी नळ्या वेगळ्या आल्या. त्यांना लायनर म्हणत. कारखान्याने त्या बसवून देण्यासाठी दिवाळीनंतरचा वायदा केला होता, आणि भागीचे दिवस दिवाळीच्या आधी भरत होते. तेव्हा नळ्या बसवायच्या त्या नारायणानेच.

हे काम दादांनी मला समजावून सांगितले होते, आणि ते मला यंत्राचे न वाटता संसाराचे वाटले होते. नळीच्या आत आग. नळीच्या भोवती पाणी. नळीच्या खाली तेल. तिघांनी एकाच घरात, एका भिंतीचे अंतर ठेवून राहायचे, आणि तरी एकमेकांना कधी शिवायचे नाही. नळीला वरच्या अंगाला एक खांदा असतो, तो ठोकळ्याच्या खाचेत टेकतो; त्यावर तांब्याचा पत्रा येतो आणि पत्र्यावर झाकण. खालच्या अंगाला नळीभोवती रबराच्या कड्या असतात. वरचा तो पत्रा आणि खालच्या त्या कड्या यांच्यावर तिघांचा सलोखा अवलंबून.

नळ्यांबरोबर एक छापील पत्रक आले होते. दादा ते वाचून नारायणाला मराठीत सांगत होते. रबराला तेल लागू देऊ नये, साबणाच्या पाण्याने ओले करून बसवावे. खांद्याखाली लेप द्यायचाच झाला तर अगदी काटकसरीने द्यावा. इतके झाले तोच डोंगरातल्या ठाकूरवाडीहून माणूस आला. कोणाला तरी साप चावला होता. दादा पिशवी उचलून त्याच्यामागून पायीच निघून गेले.

नारायण गोठ्याच्या उंबऱ्याशी थोडा वेळ नुसता बसून राहिला. मग तो देवळात गेला आणि मारुतीच्या शेंदराची वाटी घेऊन आला. यात वेडेपणा काही नव्हता. मुंबईच्या कारखान्यांतही सांधे भरायला शेंदूरच तेलात कालवीत. पण तिथे तो बोटाने लावीत, आणि नारायणाने तो लावला ओंजळीने. नळ्यांच्या खांद्याखाली, पत्र्याच्या दोन्ही बाजूंना, आणि ज्या रबराला तेल लागू द्यायचे नव्हते त्या कड्यांवरसुद्धा. गवाक्षातून येणाऱ्या उन्हात त्याचे हात कोपरापर्यंत शेंदरी झाले होते आणि त्याचे ओठ हलत होते. झाकणाचे बोल्ट त्याने आवळले तेही प्रदक्षिणेच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, एकेक पुरता आवळून मग पुढचा. मग पाणी भरून, खाली निजून, त्याने नळ्यांच्या कडांवरून बोट फिरवले.

"कोरडं हाय," तो म्हणाला, आणि त्या दिवशी भागीच्या हातची भाकरी त्याने आमच्याच अंगणात बसून खाल्ली.

मोटार चालू झाली. नारायण तिला शिळफाट्यापर्यंत नेऊन आला, आणखी एकदा नेऊन आला, आणि तिसऱ्या खेपेला ती परत आली ती खोकत, पांढरी वाफ सोडीत. त्याने तेलाची मापकाठी उपसून पाहिली. मी जवळच उभी होते. काठीवर काळे तेल नव्हतेच; फिकट, दाट, ताकावरच्या फेसासारखे काहीतरी होते. पाणी तेलात शिरले होते. नारायणाने काठी पुसली नाही. तो ती तशीच हातात धरून उभा राहिला, जसा एखादा माणूस वाईट बातमीचा निरोप्या दारात उभा असताना त्याला आत ये म्हणायचे विसरून जातो.

झाकण काढल्यावर कळले ते असे. थंड असताना त्या जाड लेपाने सगळे बुजवून धरले होते. इंजिन तापले तसा तो पाघळून बाहेर आला, नळ्या खाली बसल्या, एक कमी, एक जास्त, आणि झाकणाची पकड सुटली. रबराच्या कड्या तेल पिऊन फुगल्या होत्या आणि दोन तर काठावर चेमटून कापल्या गेल्या होत्या. पाटीभर शेंदूर निघाला. दादांनी कड्या हातात घेऊन पाहिल्या आणि ते एवढेच म्हणाले, "नव्या मागवतो. अजून दिवस आहेत."

भागी मात्र अशी सोडणारी नव्हती. पोटावर हात ठेवून, गोठ्याच्या खांबाला टेकून ती म्हणाली, "इंजिनाला न्हाऊ माखू घातलं जणू. आवं, त्याला बसायचं व्हतं का मखरात?"

"तू गप गं."

"गप काय? जायचं मला हाय त्यातनं."

नारायणाने मान वर केली नाही. भागी हळू आवाजात म्हणाली, "मी काय भिऊन बोलत नाय. तुमी भ्याला म्हणून तर एवढा चोपडला." आणि ती घराकडे वळली. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. माझ्या शिक्षणाने मला शब्दांचे पुष्कळ अलंकार शिकविले होते. नवऱ्याच्या भीतीला असे नाव देणे शिकविले नव्हते.

नव्या कड्या यायच्या आधी, भाद्रपदातल्या एका सकाळी, मारुतीने खोळ टाकली. पिढ्यांचा शेंदूर साचत साचत शेवटी स्वतःच्याच भाराने दगडापासून सुटतो आणि कवचासारखा गळून पडतो, त्याला आमच्याकडे खोळ टाकणे म्हणतात. गाव गोळा झाला. कोणी शुभ म्हणाले, कोणी अशुभ. दामोदराने सगळ्यांच्या देखत भावाला विचारले, "इंजिनाचे हात लावलेस ना देवाला? झाला त्याला विटाळ."

खोळीचे तुकडे नदीत सोडायचे असतात, ते काम ज्याची पाळी त्याचे. नारायणाने ते टोपल्यात भरले आणि तो पाताळगंगेकडे निघाला. पण वाटेत आमच्या दारात तो थांबला आणि त्याने दादांना हाक मारली. टोपले ओसरीवर ठेवून त्याने एक तुकडा उचलला, नारळाच्या करवंटीएवढा जाड, आणि त्याची मोडलेली कड उन्हात धरली. आत थरावर थर दिसत होते, कांद्यासारखे. त्याने कडेवरून बोट फिरवले.

"बघा, डाक्टर. ह्ये आतलं, दगडाला लागून व्हतं ते. पातळ हाय, वाळून हाडासारखं झालंय. ते काय सुटलं नसतं. आणि ह्ये माझ्या बापाचं, आणि ह्ये माझं." वरच्या थरात त्याचे बोट रुतले. "इतकी वर्सं झाली, आजून ओलंच. ह्येच्या वझ्यानं सगळं खाली आलं."

नारायणाने तुकडा परत टोपल्यात ठेवला, अगदी जपून, झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवावे तसा. "त्या कागदावर काय लिवलं व्हतं, पुन्हा सांगता का?"

"काटकसरीने," दादा म्हणाले.

"काटकसरीनं," तो म्हणाला, आणि टोपले डोक्यावर घेऊन नदीकडे गेला. त्या दिवशी संध्याकाळी मी देवळात गेले. उघड्या दगडाचा मारुती मी प्रथमच पाहत होते. त्याला पापण्या होत्या. कोण्या विसरलेल्या पाथरवटाने त्या इतक्या हळुवार कोरल्या होत्या की त्या आत्ता लवतील असे वाटावे.

दुसऱ्या खेपेचे काम मी जवळून पाहिले, कारण त्याला माझ्या शाळेतला कागद हवा होता. ठोकळा आणि नळ्या त्याने राखेने, मग रॉकेलने, मग कोरड्या फडक्याने अशा घासल्या की जुन्या शेंदराची छायाही उरली नाही. कड्या साबणाच्या पाण्यात बुडवून, कुठे पीळ पडला नाही ना हे बोटाने चाचपून, त्याने नळ्या अंगच्या वजनाने खाली जाऊ दिल्या. प्रत्येक नळीचे तोंड ठोकळ्याच्या पाठीवर कागदाच्या जाडीइतके, आणि सगळ्यांचे अगदी सारखे, वर यायला हवे होते. पोलादी पट्टी आडवी ठेवून तो तिच्याखालून कागद सरकवून पाही. एका नळीपाशी कागद सैल गेला. ती नळी उपसून त्याने पाहिले, तर खाचेत वाळूचा एक कण होता. तो त्याने जिभेच्या टोकाने उचलला.

शेंदूर त्याने घेतला तो नखावर मावेल एवढाच. बोल्ट आवळताना प्रदक्षिणा सोडली. मधल्यापासून आरंभ करून, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला, प्रत्येकाला थोडे थोडे. पाणी भरले. भागी मोठ्या पोटाने येऊन पाटावर बसली होती. नारायण खाली निजला आणि एकेका नळीभोवती त्याने बोट फिरवले. आम्ही वाट पाहत होतो.

भागी म्हणाली, "काय झालं? झोप लागली का?"

"कोरडं हाय," खालून आवाज आला. मग जरा थांबून, "पण थंडपणी सगळंच कोरडं असतं गं. तापल्यावर बोलू."

त्या दिवसापासून रोज दुपारी तो मोटार तापवी, फिरवून आणी, आणि ती निवल्यावर पुन्हा बोल्टांना पाना लावून पाही. मापकाठीवरचे तेल तो असे निरखी की बघणाऱ्याला तीत त्याचे भविष्यच लिहिले आहे असे वाटावे.

भागीच्या कळा आश्विनातल्या एका सकाळी सुरू झाल्या. दादा पुढे, नारायण चाकाशी, आणि मागे गोधड्यांवर भागी माझ्या मांडीवर डोके ठेवून. शिळफाटा मागे पडला, खोपोली गेली. दोन्ही बाजूंना भात पिवळे पडू लागले होते आणि ओंब्यांचा तो उष्ण, दुधाळ वास मोटारीत भरून राहिला होता. पळसदरीच्या अलीकडे नारायणाने एकाएकी मोटार उभी केली, तिचे पुढचे झाकण उघडले आणि मापकाठी उपसली.

भागीने दात आवळून विचारले, "आवं, मला बघा की. त्या तेलाला काय बघताय?"

"तुलाच बघतोय," तो म्हणाला. काठी त्याने खिडकीतून तिच्यासमोर धरली. तिच्यावर तेल होते, मधासारखे, पारदर्शक, उन्हात तांबूस. भागीने ते पाहिले, डोळे मिटले आणि म्हणाली, "मग चला आता."

कर्जतच्या दवाखान्याच्या आवारात नारायण मोटारीच्या तापल्या झाकणावर पंजा ठेवून उभा होता. दुपार कलली. आतून रडणे ऐकू आले तेव्हा त्याचा हात तिथेच राहिला, जणू तो काढला तर काहीतरी सांडेल. डॉक्टरीण मुलीला घेऊन बाहेर आली. त्याला काय करावे सुचेना. मग सवयीने त्याने ते बोट पुढे केले. ते त्याने त्या दिवशी माती आणि साबण लावून किती घासले होते ते मला ठाऊक होते. मुलीने चेहरा फिरवला आणि त्याचे टोक ओठांत धरले.

नारायणाने बोट उजेडाकडे धरले. अंगठ्यावर घासले.

"ओलं हाय, बाई," तो मला म्हणाला.

पुढे मारुतीला लेप देण्याची त्याची रीत बदलली. बोटावर मावेल एवढाच शेंदूर, तोही पुसून काढत काढत. दामोदराच्या वर्षी देव पुन्हा भरला की आपल्या वर्षी हा तो लेप हलका करी. गावात कुरकुर झाली, मारुती फिका दिसतो म्हणून. नारायण म्हणे, "डोळं दिसू द्या की त्याचं. तो बघतोय कुणाकडं ते तरी कळंल."

मी खालापूर सोडले त्या दिवशी कर्जत स्टेशनावर मला त्यानेच पोचवले. तोवर त्याचे केस पिकले होते, शिळफाट्याशी त्याने मोटारी दुरुस्त करायचे छप्पर उभारले होते, आणि त्याची मुलगी परकर घालून माझ्याच शाळेत येत होती. सामान चढवून झाल्यावर बरोबर आलेल्या मुलीचा हात धरून तो फलाटाच्या कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या त्याच शेवाळी मोटारीकडे परत गेला. गाडी हलली. खिडकीतून मी पाहिले, तर तो झाकण उघडून आत वाकला होता. मग त्याने मान वर केली, मला शोधले, आणि ते बोट उंच धरले. त्याच्या शेजारी त्याच्या मुलीनेही आपले इवले बोट तसेच उंच केले.

इतक्या लांबून बोट कोरडे आहे की ओले, हे दिसणे शक्य नव्हते. तरी मी समजल्याची मान हलवली. गाडीने वळण घेतले, स्टेशन दिसेनासे झाले, आणि बराच वेळ मी माझे बोट खिडकीच्या लाकडी चौकटीच्या सांध्यावरून, काही विशेष हेतू नसताना, मागेपुढे फिरवीत राहिले.